छप्पर वर, चूल बंद

सोपानतात्या रोज सकाळी माझ्या घराच्या चाकाला हात लावून जात. पाया पडण्याचा तो प्रकार नव्हता. आदल्या संध्याकाळी त्यांनी चाकाला टेकवून ठेवलेला दगड अजून तसाच टेकलेला आहे, की घर रात्रीतून विहिरीकडे वीतभर सरकलं आहे, याची ती तपासणी असे. दगड जागेवर सापडला तरी त्यांचं समाधान होत नसे. "आज न्हाई हाललं," असं ते म्हणत आणि त्यातला 'आज' जरा लांबवत.

घराला चाकं का होती, हे सांगायला हवं. दोन हजार तीनच्या सुमारास मी पुण्याजवळ उरवड्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत होतो. तिथं गाड्यांच्या फायबरच्या बॉड्या बनत. आमच्या मालकांना कुठल्याशा परदेशी मासिकात पिकअपच्या हौद्यावर बसवायची एक खोली दिसली. दिवसा ती बुटकी पेटी असते. छप्पर वर उचललं की चारी बाजूंनी कापडी भिंती ताणल्या जातात आणि आत माणूस ताठ उभा राहू शकतो. मालकांनी एक नमुना बनवला, 'चालतं-फिरतं फार्महाऊस' असं त्याचं बारसं केलं, मांडव घातला आणि हँडल प्रमुख पाहुण्यांच्या हाती दिलं. छप्पर एका बाजूनं वर गेलं, दुसऱ्या बाजूनं विचार करत राहिलं. त्या तिरक्या छपराखाली प्रमुख पाहुणे ग्रामीण पर्यटनावर भरपूर बोलले. मागणी एकही आली नाही. नमुना भंगारात गेला. तिथून मी तो उचलला, दुरुस्त केला आणि एका जुन्या पिकअपवर चढवला.

हौस म्हणून नव्हे. मला खोली मिळत नव्हती. जवळच्या माण गावात एका घरमालकानं आधी कंपनीचं नाव विचारलं, मग पगार, आणि दोन्ही ऐकल्यावर पाणीसुद्धा विचारलं नाही. त्याच्या दारात आयटीवाल्यांची रीघ होती. परभणीहून आलेला, लग्न न झालेला स्टोअरकीपर त्याला कशाला हवा होता? शेवटी कँटीनमधल्या एकानं मुठा गावच्या सोपानतात्यांचं नाव सांगितलं. त्यांच्या गोठ्यामागचं खळं वर्षातले बरेच महिने रिकामं असतं, म्हणाला.

तात्या सत्तरीचे, उंच, किंचित वाकलेले. डोळे कायम बारीक केलेले, आणि ते उन्हामुळे नव्हे. त्यांनी गाडीला तीन फेऱ्या मारल्या, खाली वाकून पोट पाहिलं.

"ही गाडी हाय का घर हाय?"

"दोन्ही, तात्या."

"मंग लई वाईट," ते म्हणाले. "छप्पर हाय?"

मी हँडल फिरवून छप्पर वर घेतलं. तात्या दोन पावलं मागं सरले.

"आन् चूल?"

मी शेगडी दाखवली.

"छप्पर आन् चूल," तात्या सावकाश म्हणाले. "ही दोन एका जागी झाली, की त्या जागंवरनं मानूस उठत न्हाई. मी न्हाई म्हनत, कायदा म्हनतो."

कायदा असं म्हणत नव्हता. म्हणत होते ते तात्यांचे अनुभव. त्यांच्या वडिलांनी कधीकाळी एका कोळसा पाडणाऱ्याला पावसापुरती पडवी घालू दिली होती. पावसाळा गेला, पडवी राहिली. पुढं कोर्टात तो म्हणाला, मी इथंच जेवतो आणि इथंच झोपतो. वडील गेले तरी तारखा संपल्या नाहीत आणि ती जमीन काही परत आली नाही. माझ्या ओळखीच्या एका वकिलानं सांगितलं की हे प्रकरण इतकं सोपं नसणार. मी ते तात्यांच्या कानावर घातलं. "तुमचा वकील शाना आसंल," ते म्हणाले. "माज्या बापाचा बी शानाच हुता."

तरीही त्यांनी जागा दिली, कारण त्यांना दर आठवड्याला पौडच्या बाजाराला न्यायला गाडी हवी होती. भाडं मात्र घेतलं नाही. "भाडं घेतलं की पावती. पावती झाली की तुमी माजं कूळ." अटी दोन होत्या. बाजाराहून परतल्यावर गाडी गेल्या आठवड्याच्या जागी लावायची नाही. आणि छप्पर वर असेल तेव्हा चूल बंद. चूल पेटली तर छप्पर खाली. ते मला 'पाव्हणं' म्हणत. नाव त्यांनी विचारलं नाही. पाहुणा हा जाणारा माणूस असतो. नावाचा माणूस राहण्याचा धोका होता.

बुटक्या पेटीत शेगडी पेटवणं म्हणजे आपण भाजीबरोबर शिजणं. म्हणून मी हौद्याचा मागचा फाळका आडवा टाकून बाहेर स्वयंपाक करू लागलो. आतली सोय हळूहळू लागत गेली. झोपायची फळी केबिनच्या टपावर होती, तिच्याखाली कपड्यांचे खण केले. खिडक्यांना डासांची जाळी शिवून घेतली. दिव्यासाठी वेगळी बॅटरी बसवली. मुळशीच्या पावसात कापडी भिंतींवर हिरवी बुरशी चढे, ती दर पंधरवड्याला व्हिनेगरनं पुसावी लागे. त्या महिन्यांत माझ्या घराला लोणच्याच्या बरणीचा वास यायचा. यातली एकही गोष्ट तात्यांच्या तपासणीवाचून आत गेली नाही.

"ह्ये काय?"

"पाण्याची टाकी. बाकाखाली बसते."

"टाकी आली की नळ येनार. नळ आला की बिल येनार. बिलाव नाव कुनाचं लागनार?"

"तात्या, टाकी मी तुमच्याच विहिरीवरून बादलीनं भरणार आहे."

"त्येच म्हनतो मी. आता इहीर बी आली."

पावसाळ्यात फाळक्यावर स्वयंपाक अशक्य झाला. आता छप्पर वर, शेगडी आत पेटलेली, असं होणार हे तात्यांनी माझ्या आधी ओळखलं. पहिल्या झडीच्या संध्याकाळी ते डोक्यावर पोतं घेऊन आले आणि फडक्यात बांधलेल्या दोन भाकऱ्या व पिठलं माझ्या हातात देऊन, शेगडी थंड असल्याची हातानं खात्री करून गेले. पुढं पाऊस असेपर्यंत रोज. गावाला वाटलं, तात्या पाहुण्याला किती जपतात! हा बंदोबस्त आहे, हे मला ठाऊक होतं. तरी पिठल्यावर कच्चा कांदा कधी चुकला नाही, आणि बंदोबस्ताला कांद्याची गरज नसते.

संशयाची लागण होते. आपण कामावर गेल्यावर तात्या आत शिरतात, असं मला वाटू लागलं. एकदा दुपारीच परतलो तर छप्पर वर होतं आणि टपावरच्या फळीवर तात्या उताणे झोपलेले. मी खोकलो. त्यांनी एक डोळा उघडला.

"बघत हुतो, ह्यात मानूस कितपत रुजतो."

"मग?"

"रुजंल," ते काळजीच्या सुरात म्हणाले.

त्यांची खरी काळजी रस्त्याच्या वरच्या माळाची होती. तो माळ त्यांचा आणि चुलतभावाचा सामाईक. वडिलांच्या शब्दाप्रमाणे अलीकडचा अर्धा तात्यांचा. चुलतभाऊ वारला आणि त्याचा मुलगा बाळासाहेब जमिनीच्या व्यवहारात पडला. गळ्यात साखळी, दोन कानांना दोन मोबाइल, आणि बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून क्षितिजाकडे बघायची सवय. पुण्याच्या लोकांना वीकएंड घरं विकायची त्याची योजना होती आणि तीत तात्यांचा अर्धाही गेला होता. "म्हाताऱ्यानं कवाच सोडलाय त्यो माळ," असं तो गावभर सांगे. "नांगर न्हाई, खोपटं न्हाई. कोन हाय तितं?" भूमिपूजन ठरलं. त्याच दिवशी तारेचं कुंपणही पडणार होतं. एकदा कुंपण पडलं की वडिलांसारख्या तारखा आपल्याही नशिबी येणार, हे तात्यांना पक्कं माहीत होतं.

त्या सकाळी तात्या आले आणि त्यांनी चाकाला हात लावला नाही. मी घाबरलोच.

"पाव्हणं, किल्ली घ्या. माळाव जायचं."

माळावर मांडव उभा होता. 'निसर्गाच्या कुशीत आपलं दुसरं घर' असा फलक, त्यावर हिमालयातलं असावं असं एक झाड. खुर्च्यांना सॅटिनचे झगे घातले होते. गुरुजी विटेला हळद लावत होते. तात्यांनी मांडवाच्या बरोबर समोर, आपल्या हद्दीत, बोट दाखवलं. "हितं."

मी गाडी लावली. "छप्पर?"

"वर घ्या."

छप्पर वर गेलं.

"आता चूल पेटवा."

"तात्या, दोन्ही?"

"दोन्ही! ऐकाय येत न्हाई का?"

मी शेगडी पेटवली. तात्या निळ्या ज्योतीकडे तिरस्कारानं बघत राहिले. "धूर कुटंय? ही चूल कुनाला दिसनार?" त्यांनी फाळक्यासमोर तीन दगड मांडले, ओल्या काटक्या पेटवल्या आणि वर चहाचं भांडं चढवलं. मग पिशवीतून एक ओलं धोतर काढून माझ्या जाळीच्या खिडकीवर वाळत घातलं. एवढ्या तयारीनं मी कुणाला भूमिपूजनाला आलेलं पाहिलं नव्हतं.

पुण्याच्या गाड्या आल्या. गॉगल लावलेल्या एका बाईंनी धुरातून वाट काढत विचारलं, "हे कोण राहतात इथे?"

"गडीमाणूस आहे, ताई," बाळासाहेब शहरी मराठीत म्हणाला. "हलवतो दोन मिनिटांत."

"बाळ्या!" तात्या चुलीपाशी उकिडवे बसल्या बसल्या ओरडले. "गडी कुनाचा रं? तुज्या आयला इचार, ह्यो अर्धा कुनाचा त्ये!"

"तात्या, तमाशा नगं. ही गाडी हाय नुसती."

"छप्पर हाय का न्हाई? चूल हाय का न्हाई? धोतर वाळतंय. आनि घराला काय शिंगं लागत्यात?"

पुण्याचे एक गृहस्थ माझ्याकडे वळले. "तुम्ही खरंच राहता यात?"

"हो," मी म्हणालो. "तीन वर्षं झाली."

वाक्य अक्षरशः खरं होतं. 'इथं' असं मी म्हणालो नव्हतो. पण तात्यांच्या हातातली काटकी थांबली. जमीन वाचवायला त्यांना हेच वाक्य हवं होतं, आणि इतकी वर्षं रोज सकाळी दगड तपासून त्यांनी टाळलं होतं तेही हेच. त्यांच्या जमिनीवर उभं राहून, चारचौघांच्या देखत, चूल पेटलेली आणि छप्पर वर असताना मी ते बोललो होतो. त्यांचे डोळे इतके बारीक झाले की मला ते दिसेनासे झाले.

"टायटल क्लिअर आहे म्हणाला होतात," गृहस्थ बाळासाहेबाला म्हणाले. बाळासाहेबानं क्षितिजाकडे पाहिलं. तिकडे मदत नव्हती. नारळ फुटायच्या आधी गाड्या वळल्या. सॅटिनचे झगे आल्या टेंपोतूनच परत गेले. कुंपणाच्या तारेची भेंडोळी उतरलीच नाहीत.

मांडव सुटेपर्यंत तात्या हलले नाहीत. मग म्हणाले, "तीन वर्सं म्हनलात."

"तुमच्यासाठीच म्हणालो, तात्या."

"म्या चूल पेटवा म्हनलं हुतं. वर्सं मोजा न्हवतं म्हनलं." त्यांनी उरलेला चहा जाळावर ओतला आणि तिन्ही दगड तीन दिशांना फेकले. "छप्पर खाली घ्या."

दुसऱ्या दिवसापासून माझ्या चाकाला एकाऐवजी दोन दगड लागू लागले. बाळासाहेबानं शेवटी आपला पलीकडचा अर्धाच विकला. सरकारी मोजणी होऊन तात्यांच्या वाट्याला हद्दीच्या खुंट्या पडल्या आणि पुढच्या पावसात त्यांनी तिथं नाचणी केली. त्यातलं थोडं पीठ मला मिळालं, पडशीत बांधून, कोणीतरी विसरून गेल्यासारखं फाळक्यावर ठेवलेलं.

मग कारखाना बंद पडला आणि मला नाशिकला नोकरी मिळाली. निघायच्या सकाळी तात्या आले. वाकून त्यांनी दोन्ही दगड स्वतः बाजूला केले. मी छप्पर उतरवायला हँडलला हात घातला.

"आदी च्या करा," ते म्हणाले.

"मग आधी छप्पर खाली घेतो."

"ऱ्हाऊ द्या वर."

मी आत शेगडी पेटवली. तात्या बाकाच्या कडेवर, टाकीच्या वर बसले. कापडी भिंतींतून पिवळा उजेड येत होता. पातेल्याच्या वाफेनं छपराला थेंब धरले आणि त्यातला एक त्यांच्या टोपीवर पडला. त्यांनी वर पाहिलं.

"नाव काय तुमचं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी ते एकदा स्वतःशी पुटपुटून पाहिलं, बशीतला चहा संपवला आणि खाली उतरले.

"निगा आता, पाव्हणं. ऊन व्हतंय."

मी गाडी खळ्याबाहेर काढली. वळणावर आरशात पाहिलं. तात्या वाकून, सावकाश, पायानं माझ्या चाकांच्या खुणा बुजवत होते.