दिल्याचे पंख वाकडे नव्हते

दिल्या आज सकाळी गेला.

आणि त्याच्याबद्दल आपण सगळे जे तीस वर्षं बोलत आलो, ते खोटं आहे.

नव्या मित्रांसाठी सांगतो. दिलीप शिंदखेड्याचा, सुताराचा मुलगा. धुळ्यात डिप्लोमाला माझा रूममेट. मी जळगावचा, इंग्लिश मीडियमचा, आणि त्याचा माज असलेला.

नव्वद-एक्क्याण्णवची गोष्ट. माझ्या मामाने अमेरिकेतून मॉडेल रॉकेटचा किट आणला. कागदी नळी, हलक्या लाकडाचे तीन पंख आणि बोटाएवढी दोन इंजिनं. विमानातून कशी आणली देव जाणे.

पहिल्या रविवारी मस्त उडालं. खाली येताना ढेकळावर आपटलं आणि दोन पंख निखळले.

रॉकेट माझं, पण मनाला लागलं दिल्याच्या. त्याच्या आबांचं, म्हणजे वडिलांचं, वाक्य तो येताजाता ऐकवायचा, "एकदा जोडेल जोड परत आपला दारमा येवाले नको."

मग त्याने नळीवरचा रंग पॉलिशपेपरने घासून काढला. गोंदाने रंगाला नाही, कागदाला धरलं पाहिजे, म्हणाला.

किटचे पंख टाकून प्लायवूडचे कापले. मुळाशी गोंदाचा जाड थर दिला, बोटाने गोल केला, त्यावर मांजरपाटाच्या पट्ट्या, वर पुन्हा गोंद.

चार दिवस मला हात लावू दिला नाही. मीच चिडवलं, आता यावर हत्ती बसव.

पुढच्या रविवारी मैदानात सगळं हॉस्टेल गोळा झालं. किटमधला इंग्रजी कागद माझ्या हातात होता.

दिल्याने विचारलं, "काय लिखेल शे यामा?"

लिहिलं होतं की पंख जड केले असतील तर आधी रॉकेटला दोरा बांधून डोक्याभोवती फिरवून बघा. टोक पुढे राहिलं तर ठीक. शेपूट पुढे आलं तर उडवू नका, टोकात वजन घाला.

मी ते वाचलं. मला कळलंही.

पण एवढ्या पोरांसमोर गोफणीसारखं रॉकेट गरगर फिरवायची लाज वाटली. हसले असते सगळे.

म्हणालो, काही विशेष नाही रे, ग्लू कसा लावायचा तेच आहे.

बटण मी दाबलं. रॉकेट दोन मजले वर गेलं, उलटं फिरलं आणि सरळ दिल्यावर आलं.

डावा डोळा गेला.

रेल्वेत असिस्टंट ड्रायव्हरची लेखी परीक्षा तो पास झाला होता. मेडिकल पुढच्या महिन्यात होती.

सिव्हिलमध्ये पट्टी बांधलेल्या दिल्याने मला एकच विचारलं, "पंख वाकडा बसना व्हता का रे?"

मी म्हणालो, "असेल."

बस. तेवढं हॉस्टेलला पुरलं. सुताराच्या पोराने पंख वाकडे बसवले. ते शिंदखेड्यापर्यंत गेलं. आबा तेच मनात धरून वारले.

दिल्या त्यांच्याच दुकानात बसला. चौकट बसवली की गुण्या लावून काटकोन बघायचा. मग परत लावायचा. गिऱ्हाईक कंटाळून जायचं, तरी हा लावतोच आहे. स्वतःच्या हातावरचा त्याचा विश्वासच उडाला होता.

गेल्या दिवाळीत भेटायला गेलो, तर त्याने कपाटावरून खोकं काढलं. तेच रॉकेट. तीस वर्षांत एक पंख हललेला नाही.

इंजिनाच्या जागी त्याने तेवढ्याच वजनाचा लाकडाचा तुकडा बसवला होता. दोरा बांधला आणि अंगणात डोक्याभोवती फिरवलं.

शेपूट पुढे.

"देख. पंख सरळ शेतस. वजनमुये उलटं जास." खोक्याच्या तळाशी तो कागद होता. "पोरनी वाचीसन सांगं माले."

मग शांतपणे म्हणाला, "तू वाचेल व्हतं का हाई?"

मी म्हणालो, आठवत नाही यार, किती वर्षं झाली.

त्याने दोरा नीट गुंडाळला. पोरीला चहा ठेवायला सांगितलं. पुन्हा विषय काढला नाही.

आज तिचाच फोन आला. "काका, बाबा गेले."

हॉस्टेलच्या सगळ्यांना टॅग केलंय. वाचा, आणि शिव्या द्यायच्या तर मला द्या.

आठवतंय, दिल्या. वाचलं होतं. कळलंही होतं.

तुला श्रद्धांजली वाहायला मला तोंड नाही.

जा मित्रा. तुझे पंख सरळ होते.