पोस्टकाकूंच्या जांभळ्या हिरड्या

जग बुडालं तेव्हा सगळ्यात आधी बुडाली ती रांग. लोक वाट फुटेल तिकडे पळाले, मेलेले उठून त्यांच्या मागे लागले, आणि कुणाचा नंबर आधी, कुणाचा नंतर, याला काही धरबंधच राहिला नाही. पोस्टकाकूंना खरा राग आला तो याचा. उभा जन्म टपालाच्या खिडकीत बसून "रांगेत या, रांगेत!" म्हणत काढलेला त्यांनी. त्या उठलेल्या मेलेल्यांना सगळे चावरे म्हणत, कारण दिसेल त्याला चावत सुटण्यापलीकडे त्यांना दुसरा उद्योग नव्हता. चावऱ्यांनी अख्खं शहर फस्त केलं, तरी काकू खचल्या नाहीत. उरलीसुरली माणसं ज्या इमारतीत लपली होती, तिथलं वाटपाचं खातं त्यांनी आल्याआल्या ताब्यात घेतलं. जे सापडेल ते आधी काकूंपुढे, मग सगळ्यांना सारखं. परवा हेडमास्तरांनी साखरेचा चमचा गुपचूप चाटला, तर काकूंनी चारचौघांत त्यांना असं काही झापलं की बिचारे दिवसभर खोलीबाहेर पडले नाहीत.

आणि आज त्याच काकू पाणी शोधायला गेल्या आणि एका फुटक्या दुकानात त्यांना द्राक्षाच्या जांभळ्या गोळ्यांची भरलेली बरणी दिसली. आता सांगा, माणसाने काय करावं? एक खाल्ली. खराब झाल्यात का ते बघायला नको? मग दुसरी, पहिलीची खात्री करायला. बघता बघता बरणीचा तळ दिसला. त्या नादात कपाटाच्या पत्र्यावर मनगट खरवडलं, त्याचंही भान राहिलं नाही.

इमारतीच्या दारावर एक नियम होता. बाहेरून येणाऱ्याने तोंड उघडून दाखवायचं. चावा बसलेल्याच्या हिरड्या जांभळ्या पडतात आणि दिवस मावळायच्या आत तो स्वतःच चावायला लागतो. अशाला आत घ्यायचं नाही. तोंडं तपासायचे काकूंचे यजमान, कारण जग बुडायच्या आधी ते कवळ्या बनवायचे. कवळीकाकाच म्हणत त्यांना.

"आ कर गं," काका म्हणाले.

काकूंनी सवयीने आ केला. काकांचा चेहरा पांढराफटक पडला.

"जांभळ्या!" मागून शिंपीणबाई किंचाळल्या. "आणि ते मनगट बघा!"

अगं बाई! काकूंच्या डोक्यात आत्ता प्रकाश पडला. बोलावं तर समोर हेडमास्तर. न बोलावं तर दाराबाहेर चावरे. दुसरं कुणी असतं तर झटकन बोलून मोकळं झालं असतं. काकू मात्र जीव मोठा की अब्रू, याच्यावर विचार करत राहिल्या.

"नियम तुम्हीच केलाय काकू," हेडमास्तर म्हणाले. "बाहेर जावं लागेल."

"अहो, ऐका तरी, मी..." काकूंनी शेवटी तोंड उघडलं, तोच काकांनी त्यात बोट घातलं. पार दाढेपर्यंत.

"दिवस मावळेपर्यंत थांबायचं," काका म्हणाले. "हे बोट इथून हलणार नाही. ती चावरी झाली तर आधी मला चावेल. मग दोघांनाही बाहेर काढा. तोवर कुणी हिला हात लावायचा नाही."

दोघं पायरीवर बसले. "ऊंऊं, ऊं!" काकू म्हणाल्या. म्हणजे, गोळ्या होत्या हो.

"गुरगुरायला लागली!" शिंपीणबाईंनी फावडं उचललं.

काकू चिडीचूप झाल्या. तोंडातून लाळेची धार लागली होती, जबडा दुखून आला होता, पण मनात म्हणाल्या, काय हुशार माणूस! दाताला अडकलेल्या कणावरून काल काय जेवलात ते सांगतो हा. गोळ्यांचा रंग बघताक्षणी ओळखला असणार, आणि मी सगळ्यांसमोर कबूल करू नये म्हणून तोंडालाच बूच लावलं! इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याचं एवढं कौतुक त्यांना कधी वाटलं नव्हतं.

दिवस मावळला. हिरड्या स्वच्छ गुलाबी. शिंपीणबाईंनी फावडं टाकून गळ्यात पडून रडून घेतलं, हेडमास्तरांनी डोळे पुसले. खोलीत आल्यावर काकूंनी दार लावलं.

"अब्रू राखलीत हो माझी! कशा ओळखल्यात गोळ्या?"

"कसल्या गोळ्या?"

"द्राक्षाच्या! त्यांचाच तर रंग होता. जन्मभर लोकांची तोंडं बघितलीत, एवढं कळलं नाही?"

"लोकांची बघितली. हे तुझं होतं. मला पुढचं काही दिसेचना."

"म्हणजे मला खरंच चावलंय असं वाटलं तुम्हाला? आणि तरी बोट घातलंत? अहो, मी चावले असते म्हणजे?"

"मग काय, तुला एकटीला बाहेर पाठवू?" काका बोट चोळत म्हणाले. "दोघं गेलो असतो."

काकू एकदम भोकाड पसरून रडायला लागल्या. काका घाबरले. "अगं, आता काय झालं?"

"एकसुद्धा ठेवली नाही हो मी तुमच्यासाठी!"