न उघडलेली चित्रं

"फोटो टाका ग्रुपवर, बाकी मी पाहून घेतो," असं म्हणून आमचे ड्रॉइंगचे सर अंगठा वर करायचे. पाहणं सोडून बाकी सगळं ते करायचे.

मी बालाघाटच्या त्याच शाळेत गणित शिकवत होते. कोरोनात शाळा बंद पडली आणि वरून आदेश आला, चित्रकलाही मोबाइलवर चालू ठेवा. सरांनी ठेवली. म्हणजे दर सोमवारी तीच एक झोपडी, तेच दोन डोंगर आणि मधला सूर्य ग्रुपवर पाठवला. पोरांनी तो उतरवून फोटो टाकायचा, सरांनी अंगठा द्यायचा, महिनाअखेरीस कार्यालयात अहवाल जायचा. असे कर्तव्यदक्ष लोक तुम्हीही पाहिले असतील.

एकदा एका पालकानं खतवाल्याला दाखवायचा फोटो चुकून आमच्या ग्रुपवर टाकला. धानाचं करपलेलं पान. सरांनी लगेच लिहिलं, "सुंदर. शेडिंग छान." स्टाफमध्ये आम्ही आठवडाभर हसलो. हसण्यापलीकडे कुणी काही केलं नाही.

आठवीतली एक मुलगी तेव्हा खैरलांजीकडच्या आपल्या गावी परतली होती. घरी साधा फोन. तिला नववीत चित्रकला विषय हवा होता आणि आमच्याकडे तो सरांनी नाव दिलं तरच मिळायचा. बस सुरू झाल्यावर ती चित्रं गुंडाळून कंडक्टरच्या हाती धाडू लागली. तो ती स्टँडवरच्या चहावाल्याकडे ठेवायचा. ती सरांना फोन करायची, सर "हौ, नेतो" म्हणायचे. सरांचं घर स्टँडपासून पाच मिनिटांवर.

शेवटी चहावाल्यानं मलाच हाक मारली. "मॅडम, तुमच्या शाळेचे कागद हायेत. महिना झाला, कोणी नेऊन नाही राह्यलं."

सहा चित्रं होती, सगळी रोवणीची, म्हणजे भातलावणीची. एकात धानाच्या बांधीतल्या पाण्यात वाकलेल्या बायांच्या सावल्या अशा उतरल्या होत्या की माझा चहा हातातच निवला. ती पुन्हा गुंडाळून, दोरी बांधून मी तशीच सरांकडे गेले.

"छान आहेत," सर म्हणाले. दोरी सोडली नव्हती. "पण ग्रुपवर कुठी आहे? रेकॉर्ड पाह्यजे नं, मॅडम. फोटो नाही तं चित्र नाही."

"मी काढून टाकते फोटो."

"तिच्या नंबरवरून यायला पाह्यजे. रूल आहे."

गुंडाळी कपाटात गेली. यादीत तिच्या नावापुढे 'अनुपस्थित' लागलं आणि नववीत तिला दुसराच विषय मिळाला. मी मुख्याध्यापकांकडे जायला हवं होतं. गेले नाही. त्याची मला आजही लाज वाटते. सरांना कधी कशाची वाटल्याचं मला तरी आठवत नाही.

दोन वर्षांनी सर निवृत्त झाले. त्यांच्या निरोपाला हॉलमध्ये प्रदर्शन मांडलं होतं, 'कोरोनाकाळातील कलासाधना', खाली मोठ्या अक्षरात सरांचं नाव. कपाट रिकामं करताना जे निघालं ते भिंतीवर लागलं होतं. ती मुलगी माझ्याकडे आली. "मॅडम, माहं चित्र उलटं लावलं."

खरंच. सावल्या वर आणि बाया खाली डोकं करून.

तिनं स्टूल ओढलं. मला वाटलं, सरळ करेल. तिनं पिना काढल्या. त्या चित्राच्या, मग शेजारच्या, अशा सहाही चित्रांच्या. मी स्टूल धरून उभी राहिले. तिच्यासाठी मी केलेलं आणि तिच्या उपयोगी पडलेलं तेवढं एकच काम.

गळ्यात हार घातलेले सर धावत आले. "काहून काढून राह्यले, मॅडम? पाव्हणे येऊन राह्यले नं!" मग तिच्याकडे पाहून, "तू कोणत्या वर्गाची, बेटा?"

"दहावी, सर."

"माह्याकडं कधी दिसली नाही?"

"तुमी घेतलं नाही मले," ती स्टुलावरूनच म्हणाली.

सरांनी तिच्या हातातलं वरचं चित्र घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांना चित्राकडे पाहताना पाहिलं. बराच वेळ पाहिलं त्यांनी. त्या क्षणापुरती मला त्यांची कीव आली.

"रोवणी आहे काय?" त्यांनी हळूच विचारलं.

"हौ," ती म्हणाली. चित्र त्यांच्या हातातून परत घेतलं, आणि पाहुणे आत येत होते त्याच दारानं ती बाहेर निघून गेली.