माझं वाया गेलेलं वर्ष

मुलाखतीच्या दिवशी सकाळी मी अंबरनाथच्या शिवमंदिरात गेले ती भक्तीने नव्हे, भांडायला. परदेशातल्या शाळांमध्ये स्वयंसेवक पाठवणाऱ्या एका संस्थेने मला शेवटच्या फेरीला बोलावलं होतं. साडेअकराला व्हिडिओवर मुलाखत होती. अर्जात एक रकाना होता, शिक्षणात खंड पडला असल्यास कारण द्या. मला कावीळ झाली, परीक्षा हुकली, मैत्रिणी पुढे गेल्या, एवढंच कारण. पण ते लिहिताना गुन्हा कबूल केल्यासारखं वाटलं. सेवा करायला येणाऱ्याच्या आजारपणाचा पंचनामा कशाला? आमच्या बेलवलीच्या घरात देवघराच्या फळीखाली निषेधाच्या पत्रकांचे गठ्ठे असत. बाबा ती लिहीत आणि मी लहानपणी खळीचा डबा घेऊन हेंद्रेपाड्यातल्या खांबांवर चिकटवत फिरे. अन्याय दिसला की चार कडक वाक्यं लिहायची, एवढंच मला येत होतं. त्या दिवशी ती वाक्यं शंकरासाठी तयार होती. माझं एक वर्ष घेतलंस, त्याचं काय केलंस ते सांग.

देवळाबाहेर बेल घ्यायला थांबले. फुलवाल्या मावशी फोनवर कुणाची तरी विनवणी करत होत्या. शेजारी स्टुलावर त्यांची मुलगी वैशाली पांढरी काठी मांडीवर आडवी ठेवून बसली होती. ती जन्मापासून दृष्टिहीन, बीएच्या शेवटच्या वर्षाला. अकराला उल्हासनगरच्या कॉलेजात तिचा राज्यशास्त्राचा पेपर होता आणि ती सांगेल ते उतरवून घेणारी लेखनिक येणार नव्हती. लेखनिक पुरवणाऱ्या मंडळाने आयत्या वेळी कळवलं होतं, की आज त्यांच्या सगळ्या स्वयंसेवकांचा सत्कार आहे.

"सत्कार? कशाबद्दल?" मी ओरडलेच.

"आंधळ्यांची सेवा केल्याबद्दल," वैशाली म्हणाली. "जाऊ दे ताई, शाल तरी मिळेल बिचारीला."

माझं डोकं तापलं. मनात पत्रकाचा मथळासुद्धा तयार झाला. तेवढ्यात मावशींनी विचारलं, "तू कितवीला गं?"

"बीकॉम, सेकंड इयर." नेहमीप्रमाणे माझी मान खाली गेली. "खरं तर थर्डला असायला हवी होते. एक वर्ष गेलं."

"मग तू चालतेस की!" वैशाली ताडकन उभी राहिली. "लेखनिक माझ्यापेक्षा खालच्या वर्गातला लागतो. माझ्या मैत्रिणी सगळ्या माझ्या बरोबरीच्या, एकही चालत नाही."

माझं वर्ष गेल्याचं ऐकून आनंद झालेलं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. घड्याळ पाहिलं. पेपर तीन तासांचा, वर तिला मिळणारा जादा वेळ, आणि फोन बाहेर जमा. मुलाखतीची वेळ बदलून मिळणार नाही, असं पत्रात स्पष्ट लिहिलेलं. पण आज पेपर बुडाला तर हिचं वर्ष जाणार होतं, आणि वर्ष जाणं म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको होतं. मी गाभाऱ्यात गेलेच नाही. बेलाची पुडी मावशींकडे ठेवली आणि रिक्षा थांबवली.

"लेखनिक बदलला? आत्ता?" कॉलेजातले कारकून म्हणाले. "पहले बताना था ना, मॅडम. हमको ऊपर जवाब देना पडता है."

मी आवाज चढवला. वैशालीने माझं मनगट दाबलं आणि पिशवीतून बदली लेखनिकाचा कोरा फॉर्म काढला. ही वेळ तिच्यावर आधीही आली होती, म्हणून तो फॉर्म ती जवळ ठेवूनच फिरत असे. त्या तयारीचाच मला जास्त संताप आला. माझं ओळखपत्र, माझी सही, तिचा अंगठा, प्राचार्यांची सही, आणि घंटेच्या आत आम्ही वेगळ्या खोलीत बसलो.

दुसरा प्रश्न नगरपालिकांपुढच्या अडचणींवर होता. वैशालीने साधं वाक्य सांगितलं, नागरिकांचा सहभाग कमी पडतो. मी ते लिहिलं आणि माझा हात थांबेना. पुढे मी निर्लज्ज सत्ताधारी लिहिले, कोरडे नळ लिहिले, बाबांच्या पत्रकातलं एक वाक्यही बसवलं.

"वाच," ती म्हणाली. "मी थांबले तरी तुझं पेन चालूच होतं."

मी वाचून दाखवलं. ती हसली नाही.

"हे मी बोलले नव्हते."

"पण खरं आहे ना?"

"असेल. पेपर माझा आहे. खोड ते."

मी खोडलं. शाल घ्यायला गेलेल्या त्या मुलीवर मी सकाळपासून चिडले होते, आणि इथे बसून मीही हिचा आवाज बाजूला सारून माझाच मोठा करत होते. त्यानंतर मी फक्त तिचा हात झाले. ती थांबली की थांबले. माझ्या मते चुकलेलं एक उत्तरही तसंच लिहिलं. इतकी शांतता मला कोणत्याच देवळात मिळाली नव्हती.

बाहेर आल्यावर फोनवर तीन मिस्ड कॉल आणि एका ओळीचा मेल होता. गैरहजर. देवळापाशी परतलो, तर मावशींनी पुडी ओल्या फडक्यात जपून ठेवली होती. "भोळ्यानंच धाडली बघ तुला," त्या म्हणाल्या. जमिनीखालच्या त्या गाभाऱ्यात वैशालीनेच मला हाताला धरून नेलं. "पुढची पायरी झिजलीय, सांभाळ." पिंडीवर बेल वाहताना सकाळची चारही वाक्यं आठवत होती, पण बोलले नाही. वर्षाचं काय केलंस, हे विचारायचं उरलं नव्हतं.

राग गेलेला नाही, आणि तो जावा असं मी मागतही नाही. त्या मंडळाविरुद्ध पत्रक निघालंच. मात्र ते वैशालीने सांगितलं आणि मी उतरवलं. माझ्यापेक्षा कितीतरी बोचरं झालं. परदेशी जाणं पुन्हा कधी जमेल की नाही, ते शंकरावर सोडलं आहे. पुढच्या पेपरच्या फॉर्मवर लेखनिकाच्या शिक्षणाचा रकाना आला. तिथे मी 'द्वितीय वर्ष' एवढंच लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.