झीलवालीचा माईक

आईच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी इंग्रजीत बरंच सांगितलं. त्यातलं मला कळलं ते एवढंच, की आई वाचेल, पण आवाज जाईल.

आमच्या वस्तीतल्या विहारात पौर्णिमेला बायकांचं मंडळ गायचं. शेजारची मावशी मुख्य गाणारी. तिनं ओळ टाकायची आणि मागच्यांनी ती उचलायची, ती झील. आई माझ्या जन्माआधीपासून झील धरत होती, आणि तिचा एकटीचा आवाज कुणीच ऐकला नव्हता. मीसुद्धा नाही. घरी गा म्हटलं की तोंडाला पदर लावायची. "एकटीनं गायाले मी का गाणारी हाय?"

तो आवाज टेपवर धरून ठेवायचा, असं मी ठरवलं. मंडळाला त्या वर्षी टेपरेकॉर्डर घ्यायचाच होता, अर्थात स्वस्तातला. मी आणि मावशी सीताबर्डीच्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं आधी रेडिओसकट येणारा टेप दाखवला. त्यात सगळ्या आवाजांची खिचडी. दुसरा दोन माईकचा. एका माईकवर मावशी, दुसऱ्यावर उरलेलं सगळं जग, आणि त्या जगात कुठेतरी माझी आई. मी मान हलवली. मग त्यानं आतून एक जुनं यंत्र काढलं, परदेशातून कुणीतरी आणून विकलेलं. कॅसेट साधीच, पण माईक चार आणि टेपवर आवाजाच्या पट्ट्याही चार. प्रत्येक पट्टीवरचा आवाज वेगळा ऐकता येई, हवा तेवढा वर-खाली करता येई. सेलवर चालत नव्हतं आणि उचलताना खांदा निखळायचा, पण रिक्षात मांडीवर घेऊन नेता येत होतं.

पेटीचा भाता फाटला होता आणि मंडळानं नव्या पेटीसाठी पैसे साठवले होते; ते घातले तरच हे महागडं यंत्र येणार होतं. माझी जीभ रेटेना. मावशीच म्हणाली, "पेटी राहू दे वं. फाटक्या पेटीवर इतके दिवस गायलो, आखीन गाऊ. हेच घे."

आईला मात्र ते पटलं नाही. "झीलवालीचा आवाज येगळा आयकू आला, तं ते झील कशाची?"

ऑपरेशनच्या आधी, भर उन्हाळ्यात, दुपारी विहारात सगळ्याजणी जमल्या. आवाज नको म्हणून पंखे बंद. एक माईक मावशीला, एक पेटी-ढोलकीला, एक मागच्या दोघींना आणि एक आईला एकटीला. यंत्राची घरघर टेपमध्ये येऊ नये म्हणून मी ते घेऊन शेजारच्या खोलीत बसले, वायरी खिडकीतून आत घेतलेल्या. आईला निक्षून सांगितलं होतं, जागा सोडू नको. तिच्या पट्टीचा काटा छान हलत होता. मी खुशीत घाम पुसत होते.

ऑपरेशन झालं. गळ्याला रुमाल बांधून आई घरी आली. मावशी तिला भेटायला आली, तेव्हा मी यंत्र लावलं. बाकीच्या तीन पट्ट्या बंद केल्या आणि आईची वर केली. लांबून ढोलकी आली. टाळ्या आल्या. कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या. आई नव्हती. कॅसेट संपेपर्यंत आई कुठेच नव्हती.

"तुले सांगितलं होतं नं, जागा सोडू नोको म्हणून!" मी ओरडले. मला रडू फुटलं होतं. आई नुसती बघत राहिली, दुसरं काय करणार.

"तिच्यावर काहून चिडून राहिली वं?" मावशी म्हणाली. "ते माह्यापाशी होती."

मग तिनं सांगितलं. मावशीला दम्याचा त्रास. ओळीच्या मध्येच तिचा श्वास तुटला की आई पुढे सरकून शब्द उचलायची, आणि मावशीला श्वास मिळाला की पुन्हा मागे व्हायची. कितीतरी वर्षं हे असंच चाललं होतं. ऐकणाऱ्यांना कधी कळलं नाही, मला तरी कुठे कळलं होतं? त्या दिवशी उकाड्यात मावशीचा जीव घाबरला होता आणि आई आपला माईक सोडून तिच्या खांद्याशी जाऊन उभी राहिली होती.

मावशीनं स्वतःची पट्टी लावायला सांगितली. डोळे मिटून ऐकत बसली. दुसऱ्या कडव्यात तिनं बोट उचललं.

"हे पाह्य, इथं माहा दम सरला. हे मी नाही. हे तुही माय हाय."

आईचे एकटीचे असे दोनच शब्द. मी कॅसेट मागे नेली, पुन्हा ऐकलं, पुन्हा मागे नेली. मला फरक कळेना. आई चोरी पकडल्यासारखी खाली बघत होती. मग ती उठली, माझ्या शेजारी आली आणि स्वतःच्या हातानं तो आवाज बंद केला. तोंडाला पदर लावून आत निघून गेली.

आई जाऊन आता बरेच दिवस झाले. मंडळानं ते यंत्र मलाच देऊन टाकलं. कधी कधी मी ती कॅसेट लावते. दुसरं कडवं येतं. ओळ तुटेल म्हणून मी कान देऊन बसते, आणि ती तुटत नाही.