घाटात मागे चिकटलेले शेठ

चौदा मे, सकाळी साडेसहा. मी गाडीच्या मागच्या काचेवर नवा लाल ‘एल’ चिकटवत होते. जुना उन्हानं उडाला होता. तसा तो असून काही फरक पडत नाही. शिकाऊ गाडी आहे, जरा लांब राहा, हे सांगायला सरकारनं ‘एल’ काढला. आमच्याकडे तो दिसला की गुळाला मुंगळे लागावेत तशा मागे गाड्या लागतात.

जव्हारला माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे. एकोणीस वर्षं झाली. त्या दिवशी जयवंतीचा घाटाचा क्लास होता, आणि चार दिवसांनी तिची टेस्ट. परिवहन खात्याचे साहेब आमच्याकडे कॅम्प लावतात, त्यांच्यासमोर गाडी चालवून दाखवायची. नापास झालं की पुढच्या कॅम्पपर्यंत थांबायचं.

जयवंतीला थांबणं परवडणारं नव्हतं. मोखाड्याजवळच्या पाड्यावर तिच्या बचतगटातल्या बायका मोगरा लावतात. पहाटे कळ्या खुडायच्या, ओल्या फडक्यात बांधायच्या आणि नाशिकच्या बाजारात न्यायच्या. कळी वाटेत उमलली की तिला कुणी विचारत नाही. गटाचा स्वतःचा छोटा टेम्पो आहे. ड्रायव्हर मात्र भाड्याचा. तो उठायच्या आधी कळ्या उठायच्या. आता तर तो पुढच्या महिन्यात भिवंडीला कामाला निघाला होता. अकरा बायकांनी बसून ठरवलं, आपल्यातलीच एक शिकेल. जयवंतीचं नाव निघालं, कारण तिच्याकडे सायकल होती.

पस्तिशीची बाई. हात घट्ट, नजर पक्की. तीन आठवड्यांत क्लच आणि गिअर असे बसले की मी दुसऱ्यांना तिचं उदाहरण द्यायला लागले. राहिला होता फक्त तोरंगणचा घाट. नाशिकला जायचं तर तो चढायचा आणि घरी यायचं तर उतरायचा.

चढताना सगळं ठीक झालं. वर गाडी वळवली, पाणी प्यायलो आणि उतरायला लागलो. सेकंड गिअर, वेग पंचवीस. उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवली की इंजिनच तिला मागे ओढून धरतं, ब्रेक फार मारावा लागत नाही. ‘इंजिन ब्रेकिंग’ म्हणतात ते हेच.

दुसऱ्या वळणावर मागून हॉर्न आला.

आतला आरसा मी माझ्याकडे वळवून ठेवते. मागचं मी बघायचं, पुढचं शिकणाऱ्यानं, असा आमच्या धंद्यातला जुना रिवाज. आरशात बघितलं तर आरसाभर पांढरं बॉनेट. मागच्या माणसाच्या शर्टाची बटणं मोजता आली असती.

“मॅडम, कोण हाय?”

“कुणी का असेना. तू पुढे बघ.”

पुन्हा हॉर्न. मग लांबलचक हॉर्न. नवशिक्याला मागून हॉर्न दिला की तो कडेला होत नाही, पळायला लागतो. जयवंतीनं क्लच दाबला आणि वर ॲक्सिलरेटरही. क्लच दाबला की इंजिनानं धरलेली गाडी सुटते. पंचवीसची चाळीस झाली. पुढे डावं वळण.

माझ्या पायाशीही ब्रेक आणि क्लच असतो. याला ‘ड्युअल कंट्रोल’ म्हणतात. शिकणाऱ्यानं घोळ घातला की मी दाबते. लोकांना वाटतं, मग काय भीती! मागे कुणी चिकटलेला नसेल तोवर नाही. त्या क्षणी ब्रेक करकचून दाबला असता तर मागचे महाशय आमच्या डिकीत येऊन बसले असते. न दाबावा तर आम्ही वळणाबाहेर. मी थोडा दाबला, सोडला, पुन्हा दाबला, आणि स्टिअरिंगला हात घालून गाडी डोंगराच्या बाजूला घेतली. डावं चाक गटारात गेलं. गाडी बंद पडली. पांढरी गाडी चार बोटांवरून पुढे सरकली आणि थांबली. काच खाली झाली.

आत दिलीपशेठ. जव्हारला त्यांचं पाइप आणि नळांचं दुकान आहे.

“काय मॅडम, घाटात कशाला आणता बायांना? भाकऱ्या थापू दे की त्यांना.”

मी तोंड उघडायच्या आत ते गेले. त्यांच्या मागच्या काचेवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘सुरक्षित अंतर ठेवा’.

जयवंतीचे हात स्टिअरिंगवरच होते. तिनं ते उचलले आणि मांडीवर ठेवले.

“मॅडम, मना नाय जमायचा.”

“चाक गटारात जाणं म्हणजे काही मोठं नाही.”

“चाकाचा नाय. तो दिसत नाय नि आंगावर येतो. मी नाय चालवणार. बायांना सांगन, दुसरी कोण बघा.”

गाडी मी चालवत परत आणली. पुढच्या दिवशी जयवंती क्लासला आली नाही.

मी दिलीपशेठच्या दुकानात गेले. भांडायला गेले होते, पण हातात काहीतरी असावं म्हणून एक नळ मागितला. गल्ल्याच्या बाजूला त्यांचे मेहुणे संजय बसले होते. चार गिऱ्हाइकं उभी होती.

“शेठ, काल आमच्या मागे इतके जवळ का होता?”

“हॉर्न दिला होता की!”

“हॉर्न दिला म्हणजे?”

“म्हणजे बाजूला व्हायचं.”

“घाटात? एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. कुठल्या बाजूला होऊ?”

गिऱ्हाइकं हसली. शेठनी आवाज जरा खाली घेतला. “अहो, मी न्यूट्रलवर होतो. गाडी आपोआप पळते. सारखा ब्रेक किती मारणार?”

आता कळलं. आमच्या भागातलं हे वडिलोपार्जित शहाणपण आहे. उतार लागला की गाडी गिअरमधून काढायची आणि घरंगळू द्यायची. का, तर डिझेल वाचतं. मग इंजिन गाडीला धरत नाही, सगळा भार ब्रेकवर. ब्रेक सारखा मारला तर तापतो, म्हणून तोही मारायचा नाही. राहिला हॉर्न. तो मात्र फुकट. म्हणजे पुढच्याच्या अंगावर जायचं आणि वाट मागायची.

“शेठ, आजच्या गाड्यांमध्ये गिअर टाकून पाय काढला की उतारावर इंजिन डिझेल घेतच नाही. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला घेतं. तुम्ही वाचवत नाही, जाळता.”

“मॅडम, माझे वडील चाळीस वर्षं असेच उतरले.”

“त्यांच्या पुढे जयवंती नव्हती.”

शेठनी नळ कागदात गुंडाळायला घेतला. म्हणजे विषय संपला. मला नळ नको होता आणि विषय संपवायचाही नव्हता.

“एक करा. उद्या अर्धा तास माझ्या गाडीत मागच्या सीटवर बसा. तुमची गाडी संजयभाऊ आणतील मागून. तुमच्या नेहमीच्या अंतरानं. काही वाटलं नाही तर मी माझे शब्द मागे घेते.”

“मला कशाला काय वाटेल?”

“मग या की.”

“जा दाजी,” मेहुणे म्हणाले. “घाबरता काय?”

चार गिऱ्हाइकांसमोर माणसाला नाही म्हणता येत नाही. शेठ म्हणाले, “किती वाजता?”

मग मी मोखाड्याला जयवंतीच्या पाड्यावर गेले. ती ओट्यावर नाचणी पाखडत होती. मी सांगितलं, उद्या एकदाच ये. घाट नाही, शिरपामाळच्या बाजूचा सपाट रस्ता. वेग वीस. आणि तुझा तो शेठ मागच्या सीटवर.

तिचं सूप थांबलं. “तो मना बोलला तो?”

“तोच.”

“येते,” ती म्हणाली.

सकाळी सात वाजता रस्ता रिकामा होता. वीसच्या वेगानं काही झालंच तर बंपरचं प्लास्टिक तुटेल, माणूस नाही. शेठ मागे ऐसपैस बसले. संजयभाऊंना मी बजावलं, शेठ चालवतात तसंच चालवा. ते म्हणाले, “मॅडम, काळजीच करू नका.” मेहुण्याला अशी संधी जन्मात एकदा मिळते.

त्यांनी काही कसर ठेवली नाही. शंभर पावलांत पांढरं बॉनेट मागच्या काचेला लागल्यासारखं झालं. वर हॉर्न. शेठनी मान वळवली, आणि नंतर ती पुढे केलीच नाही.

“अरे, लांब राहा! संजय! ए!”

संजयभाऊंना काच बंद असल्यानं ऐकू येत नव्हतं. निदान त्यांनी नंतर तसं सांगितलं.

“मॅडम, थांबवा गाडी. ठोकेल हा!”

“थांबवली तर नक्की ठोकेल, शेठ. तोच तर प्रश्न आहे.”

जयवंतीचा पाय पुन्हा ॲक्सिलरेटरवर जायला लागला. मी म्हटलं, “जयवंती, हळू. शेठ घाबरलेत, तू नको घाबरू.”

ती एकदम चिडून म्हणाली, “शेठला दिसतो तरी. मना कुठं दिसतो? आरसा तर तुम्हीच घेतलाव!”

बरोबर होतं तिचं. बाहेर उजवीकडे आरसा असतो, पण नवशिक्याची मान तिकडे वळली की स्टिअरिंगही वळतं, म्हणून तिकडे बघू नको असं मीच शिकवते. आतला आरसा माझ्याकडे. म्हणजे एकोणीस वर्षं मी लोकांना डोळ्यांवर पट्टी बांधून मागून ढोल वाजवल्यासारखं शिकवत होते, वर म्हणत होते, घाबरू नका. शिकणाऱ्याला भीती वाटू नये म्हणून मागचं लपवायचं, आणि न दिसणाऱ्या गोष्टीची भीती दुप्पट वाटते हे ध्यानातच घ्यायचं नाही. शेठ वडिलांचं नाव सांगत होते, मी धंद्याचा रिवाज. फरक फार नव्हता.

मी आरसा तिच्याकडे वळवला.

तिनं एक नजर टाकली. मग आणखी एक.

“हां. एवढाच हाय व्हय? म्हस मागं लागल्यागत दिसतो.”

“मग म्हैस मागे लागली तर काय करतेस?”

“पळायचा नाय. पळली का ती पन पळते. कडंला व्हायचा, जाऊ द्यायची.”

मला यात भर घालायला काही उरलं नव्हतं. फक्त गाडीची भाषा सांगितली. ब्रेकला दोनदा नुसता पाय लाव, म्हणजे मागचा लाल दिवा लुकलुकेल. वेग कमी होणार हे त्याला कळेल. मग डावा इंडिकेटर. रुंद जागा बघ, हळूहळू कडेला हो, हातानं खूण कर. एकदम काही नाही.

पहिल्या वेळी तिनं उजवा इंडिकेटर दिला. दुसऱ्या वेळी सगळं बरोबर. संजयभाऊ नाइलाजानं पुढे गेले. त्यांना आणखी करायचं होतं.

शेठना मी अंतर मोजायलाही शिकवलं. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी गेली की सावकाश म्हणायचं, ‘जव्हार-मोखाडा, जव्हार-मोखाडा’. दोन्ही वेळा म्हणून होण्याआधी तुम्ही खांबापाशी पोचलात तर फार जवळ आहात. घाटात चार वेळा म्हणायचं. शेठ गाडीतून उतरताना रुमालानं मान पुसत होते. म्हणाले, “संजयला गाडी चालवता येत नाही.”

“तुमच्यासारखीच चालवली त्यांनी,” जयवंती म्हणाली. गाडीत बसल्यापासून ती शेठशी हे एकच वाक्य बोलली.

टेस्टच्या आदल्या दिवशी घाट पुन्हा केला. तीन गाड्या चिकटल्या, तिन्ही तिनं पुढे घालवल्या. शेवटच्या जीपवाल्यानं जाताना शिवी दिली. जयवंतीनं ती गिअर न बदलता ऐकून घेतली.

कॅम्पला साहेबांनी तिला बाजाराच्या रस्त्यानं नेलं. एक टमटम मागे लागली. जयवंतीनं दिवा लुकलुकवला, कडेला झाली, वाट दिली. साहेबांनी कागदावर टिक केली. या खात्यात याहून मोठी शाबासकी नसते.

दिलीपशेठ सुधारले का, असं लोक विचारतात. ‘एल’ दिसला की ते आता बरेच लांब राहतात. बाकीच्यांच्या मागे पूर्वी होते तितकेच जवळ असतात. न्यूट्रलचं विचाराल तर म्हणतात, गिअरमध्ये उतरलं की गाडी फार आवाज करते. मीही सोडून दिलं. मागच्याला शहाणं करणं आपलं काम नाही, वेळही नसतो. त्याला पुढे घालवावं. पुढे गेलेला मूर्ख परवडतो, निदान दिसतो तरी. स्कूलच्या दोन्ही गाड्यांना मी दुसरा आरसा बसवला, तो माझ्यासाठी. पहिला आता शिकणाऱ्याचा.

लायसन्स मोबाइलवर दिसायला काही दिवस गेले. दिसलं त्या संध्याकाळी जयवंतीचा फोन आला, उद्या पहिली फेरी. मी म्हटलं, बरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोखाड्याच्या नाक्यावर चहा घेत उभी होते. क्लास साडेनवाला होता, तोवर काही काम नव्हतं. सहाच्या सुमाराला टेम्पो आला. शेजारी गटातली एक बाई, मागे फडक्यांनी झाकलेल्या टोपल्या, त्यांच्या मागे हॉर्न वाजवणारी जीप. शेजारच्या बाईनं मला ओळखून हात केला. जयवंतीनं आरशात बघितलं, मग पुढे बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही.

बघितलं असतं तर मी ओरडले असते.