काजळीचा रनवे

आमच्या रायपुरात दोरी पुसल्याशिवाय कपडे वाळत घालता येत नाहीत. सिलतऱ्याच्या कारखान्यांची काजळी रोज गच्चीवर उतरते. आज दोरी पुसताना फडकं काळं झालं आणि सुलभा आठवली.

लग्न नवीन होतं. मी प्लास्टिकचं छोटं विमान जोडलं होतं आणि ते ठेवायला प्लायवुडवर रनवे करत होतो. काळा रंग नुसता चमकत होता, मी वैतागलो होतो.

"थांबा, मी आणतो," असं तिच्या वऱ्हाडी बोलीत म्हणत सुलभा गच्चीवरची काजळी सुपात घेऊन आली. मी फेविकॉल पसरला, तिनं चहाच्या गाळणीतून काजळी भुरभुरली. खोलीभर फेविकॉलचा आंबूस वास. रनवे अगदी खराखुरा झाला.

ती वाकून पाहत राहिली. "इतकं मोठं विमान चाललं, अन् त्याले सोडायले काहून कोणीच नाही आलं?"

"रनवेवर माणसं उभी नाही राहत," मी हसलो.

"एक तरी पाहिजे होता हो."

सुलभाला जाऊन वर्षं झाली. विमान अजून कपाटावर आहे. माझा एकटाच शर्ट वाळत घालून मी खाली आलो, चहा केला आणि रोजच्यासारखा त्या रनवेच्या कडेला जाऊन उभा राहिलो.